पदकं मोजताय, शिसं कोण मोजणार?

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि कोल्हापूर जिल्ह्यात घराघरांतल्या पोरांना रायफल दिसायला लागली. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हा असंच झालं होतं. राही सरनोबतनं 2018 ला एशियाडचं सोनं आणलं तेव्हाही. चांगलंच आहे. पण आता दहा मीटर लांबीची जागा सापडली की अकॅडमी उघडते. दुकानाचा गाळा, बेसमेंट, कुणाच्या तरी गोडाऊनचा अर्धा भाग. शटर खाली, एसी चालू, भिंतीला टार्गेट आणि बाहेर पदकविजेत्यांचे फोटो लावलेला फ्लेक्स.

आत हवा कशी खेळते, हे कुणी विचारत नाही.

मंडळी, आधीच सांगतो, मी या खेळाच्या विरोधात नाही. "बंदूक म्हणजे हिंसा" वगैरे भाषणं मला सांगू नका. सुरक्षेचं नाव निघालं की आपल्याकडे फक्त गोळी कुठे जाईल याची चर्चा होते. गोळी समोरच जाते हो. प्रश्न धुळीचा आहे.

हवेच्या रायफलीचा छर्रा शिशाचा असतो. पॉइंट टूटूची गोळीही बहुतेक शिशाचीच, वर तांब्याचं आवरण नाही. त्यात पॉइंट टूटूच्या पुंगळीच्या कडेत जो प्रायमर भरलेला असतो, म्हणजे घोडा आपटला की आधी पेट घेणारा मसाला, त्यातही शिशाचं संयुग असतं. लेड स्टिफनेट त्याचं नाव. बार उडाला की त्याचा धूर होतो आणि तो धूर नेमबाजाच्या तोंडासमोरच असतो. उरलेली काजळी रिकाम्या पुंगळीत चिकटून राहते. तीच पुंगळी आपली पोरं उचलतात, खिशात टाकतात, किचेन करून दप्तराला लावतात. मग त्याच हातानं वडापाव.

आता जरा अमेरिकेकडे बघा. तिकडे घरच्या गॅरेजमध्ये बसून काडतुसं पुन्हा भरणारे हौशी लोक आहेत. स्वतःच्या वापरासाठी भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा 'ॲम्युनिशन' या व्याख्येत येतात, त्यामुळे परवान्याशिवाय कुणी नसते उद्योग करू नका.) त्यांची मोठ्या काडतुसाची पुंगळी वेगळी. तिच्या बुडाशी प्रायमरची छोटी टोपी बसवलेली असते. ती वापरलेली टोपी प्रेसवर खिळ्यानं ढकलून बाहेर पाडतात, आणि पडताना तिच्यासोबत काळी भुकटी उडते. तर तिथला जाणता माणूस काय करतो? प्रेसच्या खाली नळी जोडतो, ती बाटलीत सोडतो, बाटलीत थोडं पाणी घालतो आणि वर झाकण लावतो. पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून साफ केल्या तर धूळ उडते, म्हणून पाण्यात धुतो. हे काम स्वयंपाकघरात करत नाही, लहान मुलांना जवळ येऊ देत नाही, उठल्यावर साबणानं हात धुतो.

तो कोण? कुणी संस्था नाही, सरकार नाही. गॅरेजमधला एक हौशी गडी. त्याला दोन चिमूट भुकटी बाटलीत बंद करायची अक्कल आहे. आणि वर्षाची गलेलठ्ठ फी घेऊन, सहावी-सातवीतल्या पोरांना दिवसाचे दोन-तीन तास बंद खोलीत उभं करणाऱ्यांकडे झाकणाचा एक डबासुद्धा नाही?

मागे एका रेंजवर गेलो होतो. नाव घेत नाही. सराव संपला आणि एक मावशी केरसुणी घेऊन आल्या. फायरिंग लाईनपासून टार्गेटपर्यंत कोरडा झाडू. उन्हाच्या तिरपेत ती धूळ अशी चमकत होती की काय सांगायचं. वर पंखा गरगरतोय. पोरं तिथेच बॅगा भरत होती, एकजण डबा उघडून बसला होता. मी मावशींना विचारलं, तोंडाला काही बांधत नाही का? त्या म्हणाल्या, "कशाला दादा, कचरा कुठं आहे, नुसती धूळ हाय."

नुसती धूळ.

शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, आणि आपल्या मुलींच्या हिमोग्लोबिनची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. शिसं हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं राहतं, पुढे गरोदरपणात हाडातून रक्तात उतरतं. मुलांमध्ये लक्ष न लागणं, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं, पोटदुखी. यातलं एकही लक्षण बघून कुणी "शिसं" म्हणत नाही. "मोबाईल जास्त बघतो" म्हणतात.

अमेरिकेच्या सीडीसीनं 2021 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी दखल घ्यायची पातळी डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमवरून 3.5 वर आणली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार भारतात सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात 5 पेक्षा जास्त शिसं आहे. ते नेमबाजीमुळे नाही, हे उघड आहे. पण आधीच भरलेल्या घागरीत आपण पैसे देऊन आणखी ओततोय.

यावर ठरलेली उत्तरं येतात. "एअर रायफलमध्ये दारूच नसते." बरोबर, प्रायमरचा धूर नसतो. पण छर्रा पोलादी पेटीवर आपटतो तेव्हा त्याचा चुरा होतोच, आणि छर्रे हातानंच भरतात. काही पोरं तर ते ओठात धरतात. "आम्ही वीस वर्षं करतोय, काही झालं नाही." रक्त तपासलंय का वीस वर्षांत एकदा तरी? नसेल, तर काही झालं नाही हे कळलं कसं? "सॅनिटायझर ठेवलाय ना." सॅनिटायझरनं जंतू मरतात. शिसं हा धातू आहे, तो मरत नाही, हातावरच राहतो. साबण-पाणीच लागतं. आणि शेवटचं, "तुम्ही खेळाला बदनाम करताय." याला उत्तर देत बसत नाही.

गंमत कायद्याची आहे. कारखान्यांतले जे आजार कायद्यानं सरकारला कळवावेच लागतात, त्यांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे. म्हणजे बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारासाठी निदान कागदावर तरी काहीतरी आहे. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली, पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं. पण गाळ्यातली अकॅडमी कारखाना नाही. तिथली मावशी कामगार म्हणून कुठल्या रजिस्टरात असेल असं वाटत नाही, आणि बारा वर्षांचं पोरगं तर ग्राहक. मग बघायचं कुणी?

आणि करायचं ते काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. कोरडा झाडू बंद, ओलं पुसणं किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. हवा नेमबाजाच्या पाठीमागून टार्गेटकडे वाहायला हवी. अमेरिकेतली नायॉश ही कामगार आरोग्य संस्था फायरिंग लाईनवर मिनिटाला साधारण 75 फूट वेग सांगते. तो गाठायला खर्च आहे, मान्य. पण पंखा उलट्या दिशेनं लावायला तरी कोण सांगतं? रिकाम्या पुंगळ्या आणि पेटीतले छर्रे झाकणाच्या डब्यात. रेंजच्या आत खाणं-पिणं नाही. दाराशी बेसिन आणि साबण. सरावाचे कपडे घरी वेगळे धुवायचे, कारण धाकटं भावंड त्याच ढिगात लोळत असतं. नियमित सराव करणाऱ्यांची आणि झाडणाऱ्यांचीही रक्ततपासणी, तीही अकॅडमीच्या खर्चानं.

जिल्हा क्रीडा कार्यालयानं एवढं एका पानावर छापून सगळ्या रेंजच्या दाराला लावलं तरी पुष्कळ होईल.

पालकांनो, पुढच्या महिन्याची फी भरायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. झाडतात कशानं? पेटीतले छर्रे शेवटी कुठे जातात, भंगारवाल्याकडे गेले तर तो ते कुठे वितळवतो? आणि सरांनी स्वतःचं रक्त कधी तपासलंय? काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. अकॅडमीचं नाव नको, फक्त उत्तर लिहा.