गाडी घ्या, पण पारधीसाठी नको



गेल्या दोन बैठकांत दाव्यांच्या बरोबरीनं गाडीवर बोलणं झालं. ऊसतोडीतनं आणि सेंट्रिंगच्या कामातनं चार पैसे गाठीला लावलेली आपली काही पोरं मोटारसायकल घ्यायच्या विचारात आहेत. साधी गाडी त्यांना नको. एकाला एक्सपल्स पाहिजे, एकाला हिमालयन. कशाला म्हणून विचारलं, तर एकानं सरळ सांगितलं, "सड्यावर चढती. रातचं डुकराच्या मागं कुठंबी जाता येतंय." सगळे हसले. आम्हीपण हसलो. पण वाडीवर चालत परत येताना तेच डोक्यात राहिलं, म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा एक सांगतो. पारध म्हणजे पाप, असला उपदेश आम्ही करणार नाही. आमच्यात कातकरी आहेत, धनगर आहेत. कातकऱ्यांना घाटावर लोक अजून वानरमारे म्हणून हाक मारतात. आमच्या आज्यांनी फासे लावले, ससा धरला, ओढ्यात खेकडे काढले, ते पोटाला पाहिजे म्हणून. त्याच काळात कोल्हापूर संस्थानात शिकार हा दरबारी खेळ होता. पाळलेले चित्ते माळावर नेऊन हरणांवर सोडायचे. दाजीपूरचं जंगल तर शिकारीसाठीच राखलेलं होतं. १९५८ साली त्याच जंगलाचं गव्यांसाठी अभयारण्य झालं. राजाची शिकार बंद झाली, ती फोटोत आणि इतिहासात राहिली. आमची पारध बंद झाली, ती गुन्ह्यात गेली. हा भेदभाव आम्हाला कळतोय.

पण भेदभाव झाला म्हणून आता दीड लाखाची गाडी त्याच कामाला घ्यायची का? आमचं म्हणणं आहे, नाही. आणि ते फॉरेस्टवाल्यांना भिऊन नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हासुद्धा वेगळा गुन्हा आहे. आणि पोरांनी नीट ऐकावं असं एक कलम त्यात आहे. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन सरकारजमा होऊ शकतं. गाडी तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या नावावर, आणि गाडी आवारात गंजत पडलेली. आम्ही अशी एक गाडी डोळ्यांनी बघितलीय. चाकातनं वेल वर चढला होता. मालकाचे हप्ते सुरूच होते. त्याची आई दर महिन्याला कोंबड्या विकून बँकेत भरत होती.

काही जण म्हणतात, आता आपल्याकडं २००६ चा वनहक्क कायदा आहे, आता कोण अडवतंय? तर त्या कायद्यातच लिहिलंय. गौण वनउपज गोळा करायचा, चराईचा, मासे धरायचा, असे परंपरेचे हक्क कलम ३ नं मान्य केलेत. त्याच कलमात पुढं लिहिलंय की शिकार करणं, सापळा लावणं किंवा जनावराच्या शरीराचा भाग काढणं हा हक्क त्यात धरलेला नाही. म्हणजे ज्या कायद्याच्या जिवावर आपण लढतोय, त्यानंच ही रेघ ओढलीय. ती आवडो न आवडो, आज ती तिथं आहे.

आता खरा मुद्दा. आपल्या वाड्यांचे दावे अजून अडकून आहेत. कातकऱ्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आहे. धनगरांना त्याबरोबर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. म्हातारी माणसं तालुक्याला जाऊन जबाब देतात, जुने कागद गोळा करतात. अशा वेळी वाडीतल्या एका पोराच्या गाडीला डुकराचं रक्त लागलं, की शिंतोडे सगळ्या वाडीवर उडतात. एकानं शिकार केली म्हणून वाडीचा दावा फेटाळावा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण सुनावणीच्या खोलीत "ही शिकारी माणसं, ह्यांना जंगल कशाला द्यायचं" असं बोललं जातं. ते आम्ही कानानं ऐकलंय. त्या बोलण्याला आपण आपल्या हातानं पुरावा द्यायचा का?

आणि गाडीवरची पारध कुणासाठी होती, तेपण उघड बोलू. मोठ्या दिव्यांच्या जीप घेऊन शहरातली माणसं येतात. बंदूक त्यांची, दारू त्यांची. त्यांना पाहिजे असतो वाटाड्या आणि पुढं जाऊन माग काढणारा गाडीवाला. ते काम आपल्या पोराला देतात, हातावर पाचशे रुपये ठेवतात. धरपकड झाली की जीप डांबरीला लागलेली असते आणि आपला पोरगा पायवाटेवर सापडतो. आज्याची पारध आणि ही पारध एक नाही. ही दुसऱ्याच्या हौसेची हमाली आहे.

उलट ह्याच कायद्याचं कलम ५ बघा. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार त्यानं ग्रामसभेला दिलाय. सामूहिक वनात कुणी यायचं, कसं यायचं, हे ग्रामसभा ठरवू शकते. जनावरांना आणि रानाला बाधा आणणारं काम ती थांबवू शकते. म्हणजे रातच्या जीपा अडवायचा, सड्यावरची फुलं चाकाखाली तुडवत फिरणारे रविवारचे गाडीवाले थांबवायचा अधिकार आपला आहे. पण आपलाच पोरगा त्यांच्या पुढं दिवा दाखवत असला, तर ग्रामसभेनं कुठल्या तोंडानं अडवायचं?

डुकरं नाचणी आणि भात खातात, हे खरं आहे. रात्र-रात्र माळ्यावर बसून आमचीही डोळ्याला डोळा लागत नाही. त्याला उपाय वेळेत अर्ज आणि पंचनामा. नुकसानभरपाई मिळते, पण ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. अर्ज लिहायला संघटनेची पोरं आहेत, हाक मारा.

मग गाडी घ्यायचीच नाही का? घ्या. जरूर घ्या. गाडीची खरी गरज आपल्याइतकी कुणाला नाही. धनगरवाड्यावरनं बाळंतीण डालग्यात घालून, चार माणसांच्या खांद्यावरनं खाली आणावी लागते. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या वाड्यांत तर ओढा उतरायची वाट बघत बसायला लागतं. दहावीनंतर पोरींची शाळा सुटते ती अभ्यास जमत नाही म्हणून नाही, एस.टी. पर्यंतची वाट जमत नाही म्हणून. हिरडा, शिकेकाई, मध, करवंद, जांभूळ डोक्यावरनं खाली आणेपर्यंत दिवस जातो, आणि मग खाली बसलेला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आज मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. मध आपल्या रानातपण आहे. तो बाजारापर्यंत न्यायची सोय नाही.

ह्या कामाला कुठली गाडी, ते आता सांगतो. आम्ही कुठल्या कंपनीचे नाही. वाटेवर जे बघितलं तेवढंच सांगतोय.

हिमालयनची जुनी ४११ सीसीची गाडी १९९ किलोची आहे. शेवाळलेल्या जांभ्यावर ती आडवी झाली, तर एकट्या माणसाला उभी करता येत नाही. एक्सपल्स त्यापेक्षा हलकी, तरी दीडशे किलोच्या वर. तिचं पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आहे, दगडावर घासत नाही, हे खरं. पण सीटपण उंच आहे, आपल्या अंगलटीच्या माणसाचे पाय नीट टेकत नाहीत. मागं पोतं बांधलं की तोल सांभाळणं अवघड. मोडली की सामान कोल्हापुरातनं आणायचं.

स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी ११०-११२ किलोच्या आसपास बसते. पोट १६५ मिलिमीटरवर, म्हणजे मोठ्या दगडांना घासणार, वाट बघून चालवायला लागणार. पण तिचा क्लच, चेन, केबल तालुक्याच्या कुठल्याही मेस्त्रीकडं मिळतात. जुनी घेतली तरी चालते. एक्सएल १०० तर नव्वद किलोच्या आत आहे, गिअर नाही, मागची सीट काढली की पोतं बसतं. बायकांनाही ती सहज चालवता येते. खड्या चढाला मात्र ती दमते.

आमचं मत असं. जिथं कच्चा का होईना रस्ता आहे, तिथं शंभर सीसीची गाडी घ्यावी. मागचं टायर खोल नक्षीचं घालावं, इंजिनाखाली लोखंडी पत्रा ठोकून घ्यावा, मागं मजबूत कॅरियर बसवावं. मोठ्या गाडीच्या निम्म्या पैशात हे सगळं होतं. जिथं नुसती पायवाट आहे, तिथं कुठलीच गाडी नको. तिथं रस्ता मागायचा. त्याचं पुढं सांगतो.

आणि गाडी एकट्यानं घेण्यापेक्षा वाडीनं घेतली तर? तीन-चार घरांनी मिळून एक. पेट्रोल ज्याचं काम त्याचं, दुरुस्ती सगळ्यांची. आजारी माणूस असला तर हिशेब नंतर. सामूहिक हक्क मंजूर झालेल्या गावांत वनउपज विकून येणाऱ्या पैशातनंही हे होऊ शकतं. ते ग्रामसभेत ठरवा.

आता गाडीवरनं माल न्यायच्या हक्काबद्दल. २००८ च्या नियमात वनउपज डोक्यावरनं, सायकलवरनं नाहीतर हातगाडीवरनं न्यायचं, असं लिहिलं होतं. म्हणजे सरकारच्या डोळ्यांपुढं आपण कायम मोळी घेतलेलेच होतो. देशभरच्या संघटना त्यावर भांडल्या. २०१२ ला नियम बदलला आणि तिथं योग्य वाहतुकीचं साधन असा शब्द आला. वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेला माणूस देऊ शकतो. गोळा केलेल्या उपजेवर रॉयल्टी नाही, फी नाही. म्हणून जिथं हक्क मंजूर आहेत, तिथं हिरड्याचं पोतं मोटारसायकलवर घालून उजेडात, नाक्यावरनं, मान वर करून न्या. सोबत अधिकारपत्राची झेरॉक्स, ग्रामसभेचा पास, आरसी, लायसन आणि विमा ठेवा. फासे, भाला, बंदूक, मोठी बॅटरी ह्यातलं काही गाडीवर नको. मग अडवणाऱ्याला कलम दाखवून बोलता येतं.

आणि रस्त्याचं. गाडी आली म्हणून रस्त्याची मागणी सोडायची नाही. कलम ३(२) मधे १३ सोयी दिल्यात. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, विजेची तार आणि रस्ता त्यात आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत जमीन आणि हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, एवढ्या अटी. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. शिफारस म्हणजे ठराव, आणि ठराव आपल्या हातात आहे. तो न करता आपण डालगं खांद्यावर घेत राहिलो, तर त्यातली थोडी चूक आपलीपण आहे.

ज्या पोरानं डुकराची गोष्ट काढली, त्याच्यावर आमचा राग नाही. रान त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. अंधारात वाट सोडत नाही, माग बघून जनावर सांगतो. असा माणूस वनहक्क समितीला पाहिजे. सीमा दाखवायला, नकाशा काढायला, रातच्या जीपा अडवायला. त्याच्या गाडीवर पहिली फेरी डुकराची नको, एखाद्या बाळंतिणीची होऊ दे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक वाडीनं तीन गोष्टी ठरवून याव्यात. एक, वाडीवर गाडी कशाकशाला लागते त्याची यादी. दोन, कलम ३(२) खाली रस्त्याचा ठराव. तीन, बाहेरच्या शिकाऱ्यांना आणि सड्यावर गाड्या फिरवणाऱ्यांना बंदीचा ठराव. गाडी घ्यायला निघालेल्या पोरांनीपण यावं. बुकिंगची पावती फाडायच्या आधी.

जिंदाबाद.