नुरा कोणाची?

मागच्या उन्हाळ्यात धुळे-अमळनेर रस्त्यावरच्या एका गावी जत्रेतली दंगल पाहण्याचा योग आला. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी जोड मागत आखाड्याभोवती फिरली. मुलींत जोड मिळेना, म्हणून पंचांनी तिच्याच वजनाचा मुलगा दिला. तिने त्याला दोन मिनिटांत चितपट केले. माझ्या शेजारचे गृहस्थ लगेच म्हणाले, "नुरा शे भाऊ, नुरा!" म्हणजे पोराने मुद्दाम पाठ टेकली. त्याआधी पोरापोरांच्या सात-आठ कुस्त्या झाल्या. त्यांतल्या दोन तरी मला संशयास्पद वाटल्या. त्यांबद्दल हे गृहस्थ चकार शब्द बोलले नव्हते.

मला हमीदा बानू आठवली. मिर्झापूरची ही पहिलवान. 'मला हरवील त्याच्याशी लग्न करीन' असे आव्हान तिने १९५४ साली पुरुषांना दिले. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवानास तिने १ मिनिट ३४ सेकंदांत पाडले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती मात्र स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. सोमासिंग पंजाबी याला तिने हरवले, तेव्हा लोकांनी 'तमाशा आहे' म्हणत दगड मारले. पोलीस बोलवावे लागले.

आपला खानदेश तेव्हा मुंबई राज्यात होता. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले, की बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर डमी पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. तक्रारी खऱ्याही असतील. तिकिटाच्या पैशासाठी माणसे काय करत नाहीत! पण मी पडलो कारकून. खोटे व्हाउचर सापडले की आम्ही ते करणाऱ्याला धरतो. इथे डमी आणले आयोजकांनी आणि कुस्ती बंद झाली बाईची.

टीव्हीवरच्या परदेशी कुस्तीत १९९९ साली चायना या स्त्रीने जेफ जॅरेटला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा इंटरकॉन्टिनेंटल किताब घेतला. तिथे निकाल आधीच ठरलेला असतो, पण पुरुषांचासुद्धा! मग 'हे खरे वाटत नाही' एवढे तिच्या एकटीलाच का ऐकवायचे?

मुलीने इनाम घेतले, पंचांच्या पाया पडली आणि पुन्हा जोड मागत निघाली. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटले, "भाऊ, घरचा पोरगा असेल तर उतरवा." ते उसाच्या रसाच्या गाडीकडे पाहू लागले.