दोन दिवसांत नाशिक: यादी लहान ठेवा

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर रोडला लागतात, मिसळ खाऊन वायनरी गाठतात आणि रविवारी संध्याकाळी 'नाशिक झालं' म्हणत परततात. १९९९मध्ये सुरू झालेल्या सुला वायनरीने हा रस्ता देशाच्या पर्यटन नकाशावर आणला, हे खरंच. पण त्यामुळे वाटेवरची बाकीची ठिकाणं मागे पडली.

विद्याविकास सर्कलजवळ कुसुमाग्रज स्मारक आहे. पुढे आनंदवल्ली लागतं. तिथे राघोबादादांचं वास्तव्य होतं आणि गोदेकाठी नवश्या गणपती आहे. मग सोमेश्वर, तिथला धबधबा, गोवर्धन आणि शेवटी गंगापूर धरण. सावकाश फिरलं तर यातच एक दिवस सरतो.

दुसरा दिवस जुन्या नाशकाला द्यावा, तोही पायी. पंचवटीत काळाराम मंदिराचं पूर्व महाद्वार पाहताना १९३०चा मंदिरप्रवेश सत्याग्रह आठवायलाच हवा. नदीकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. जवळच नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती चढला, हे नाशिककर त्याच्याकडे पाहून सांगतात.

त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, शिर्डी हे सगळं दोन दिवसांत कोंबण्याचा हट्ट सोडावा. त्यात दर्शनाच्या रांगा आणि गाडीतला प्रवास, एवढंच पदरी पडतं.

जाताना द्राक्षं शक्यतो रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्या. मात्र हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिलचाच, हे लक्षात ठेवा.