बंदुकीचा खासगी सौदा आणि ४५ दिवस

बारामती व इंदापूर हे तालुके ऊस आणि सहकारी कारखाने यांखेरीज दुसऱ्याच कारणानें वर्तमानपत्रांत झळकूं लागले आहेत, हें आम्हांस लज्जास्पद वाटतें. मार्च २०२४ मध्यें इंदापुरास महामार्गालगतच्या उपाहारगृहांत एका इसमास गोळ्या झाडून व कोयत्यानें वार करून ठार करण्यांत आलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत बारामती तालुक्यांतील निंबुत येथें शर्यतीच्या बैलाच्या व्यवहाराचे पैसे राहिले म्हणून बोलाचाली झाली, आणि गोळी सुटून एक मनुष्य प्राणास मुकला. बैलाच्या बाजारांत घासाघीस व शिवीगाळ आमच्या आजोबांनींही पाहिली होती. पिस्तूल मात्र त्या बाजारांत नवें आहे.

कोणाचा अपराध किती, हें न्यायासन ठरवील. आम्हांस विचारावयाचें तें निराळेंच. हत्यार एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें, तेव्हां सरकार तें पाहतें काय?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें कलम ५ म्हणतें कीं, स्वतःसाठीं कायदेशीर रीतीनें बाळगलेली बंदूक दुसऱ्या हक्कदार इसमास विकतां येते. त्यास व्यापाऱ्याचा परवाना नको. मात्र घेणाऱ्याचें नांव व पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचें पोलिस ठाणें यांस लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबलें पाहिजे. अमेरिकेंत १९९३ च्या ब्रेडी कायद्यानें परवानेदार दुकानदारावर गिऱ्हाइकाच्या चौकशीचें बंधन घातलें, पण खासगी विक्रेता त्याबाहेरच राहिला. त्या मानानें आपला कायदा शहाणा. परंतु ४५ दिवसांत पोलिसांनीं उत्तर दिलेंच पाहिजे, असें या कलमांत कोठेंही नाहीं; मौन म्हणजे संमति! घेणाऱ्याजवळ परवाना असला कीं झालें. तो परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पांच वर्षें चालतो, आणि मधल्या काळांत त्याच्यावर फिर्याद झाली तरी आपोआप रद्द होत नाहीं. याचें फळ बीडनें पाहिलें. डिसेंबर २०२४ मध्यें मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली, गवगवा झाला, तेव्हां कोठें त्या जिल्ह्यांतील परवाने तपासून अनेक रद्द करण्यांत आले.

आमचे व्यापारी वाचक जमीन घेतांना सातबारा पाहतात, फेरफार पाहतात, बोजा शोधतात, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतात. गुंठाभर जमिनीस जी दक्षता, ती पिस्तुलास नको काय? पोलिसांचा ताजा लेखी दाखला मिळाल्यावांचून असा सौदा पुरा मानूं नये. आणि दाखला मुदतींत न निघाल्यास जबाब अधिकाऱ्याकडून घ्यावा, अर्जदारास ताटकळत ठेवूं नये.

कोणी म्हणेल, गुंड परवाना घेतो कोठें? खरें आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें पुणें पोलिसांस थेट मध्यप्रदेशांतील उमरटी येथें जाऊन गांवठी पिस्तुलांच्या भट्ट्या मोडाव्या लागल्या. तो रोग निराळा, औषधही निराळें. दुसरे स्मरण देतील कीं, लिटनसाहेबाच्या १८७८ च्या कायद्यानें हिंदी लोकांस निःशस्त्र केलें व गोऱ्यांस मोकळीक दिली. त्याची चीड आम्हांसही आहे. परंतु तेथें माणसाचा वर्ण पाहिला जात असे. येथें वर्तणूक पाहा, एवढेंच आमचें मागणें. मळ्यांतल्या एकट्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास परवाना जरूर द्यावा. त्याची बंदूक उद्यां कोणाच्या घरीं जाते याची नोंद मात्र ठाण्याच्या वहींत असावी, आणि ती वही कोणीतरी उघडून पाहावी.