समुद्र दुरावलेले बंदर

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात, राय नावाचे जुने गाव एका टेकडीवर वसले आहे. दर मे महिन्यात नवे महापौर पदग्रहण करतात आणि नगरभवनातून खाली जमलेल्या मुलांकडे तापवलेली नाणी उधळतात. मुलांची झुंबड उडते, बोटे पोळतात, तरी कोणी मागे हटत नाही. पूर्वी गावाची स्वतःची टांकसाळ होती आणि घाईत साच्यातली गरम नाणीच वाटावी लागली, अशी दंतकथा सांगतात. व्यापारी गावाला साजेशीच ती आहे.

मध्ययुगात राय जवळजवळ पाण्याने वेढलेले होते. 'पंचबंदरे' या बंदरसंघात त्याचा समावेश झाला. या संघाने राजाला वर्षातून १५ दिवस ५७ जहाजे विनामोबदला द्यायची आणि त्याबदल्यात करमाफी व स्वतःचा न्यायाधिकार भोगायचा, असा करार होता. १२८७ च्या वादळाने शेजारचे जुने विंचेल्सी बुडाले, न्यू रॉम्नीजवळचे रॉदर नदीचे मुख बुजले आणि नदी रायकडे वळली. एकाच्या नाशात दुसऱ्याची भरभराट झाली. १३७७ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळून चर्चच्या घंटा पळवल्या. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी नॉर्मंडीवर चाल करून त्या परत आणल्या.

घंटा परत आल्या, समुद्र मात्र आला नाही. भोवतालच्या खाजण जमिनीवर भरतीचे पाणी पसरे आणि ओहोटीला वेगाने परतताना खाडीतला गाळ धुऊन नेई. बंदर खोल राहण्याचे हेच रहस्य होते. परंतु मेंढ्यांच्या कुरणासाठी जमीनधारकांनी बांध घालून खाजण कोरडे करण्यास आरंभ केला. लोकरीला भाव होता, प्रत्येक बांध ज्याच्या त्याच्या हिशेबात फायद्याचाच ठरला. पाणी पसरण्याची जागा आटली, ओहोटीचा जोर ओसरला आणि गाळ साचत गेला. यात कोणी एक लबाड नव्हता. मात्र तोट्याचे खाते कोणाच्याच वहीत नव्हते.

अठराव्या शतकात नव्या बंदराचा घाट घातला गेला. १७२४ पासून सहा दशके काम रेंगाळले. १७८७ मध्ये ते खुले झाले आणि काही महिन्यांतच गाळामुळे सोडून द्यावे लागले.

या पडत्या काळात चोरटा व्यापार फोफावला. लोकर गुपचूप बाहेर जाई, चहा आत येई. हॉकहर्स्ट टोळीचे लोक मर्मेड स्ट्रीटवरील खाणावळीत उघडपणे पिस्तुले मांडून बसत, असे सांगितले जाते. टोळ्यांचा बंदोबस्त शिपायांनी केला त्याहून अधिक एका कायद्याने केला: १७८४ मध्ये चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आणली गेली, आणि चोरून चहा आणण्यात काही अर्थ उरला नाही.

आज समुद्र गावापासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. गोट्यांच्या फरसबंदीचा तो रस्ता पाहण्यास प्रवासी येतात, आणि बरीचशी दुकाने त्यांच्यावरच चालतात. सोळाव्या शतकातले चर्चचे घड्याळ अजून चालते. त्यावरील दोन सोनेरी बालमूर्ती पाव तासाचे ठोके देतात, तासाचे देत नाहीत. नोव्हेंबरात मशालींची मिरवणूक निघते, होळी पेटते, आणि एके काळी जहाजे उभी असत त्या सपाटीवर मेंढ्या चरत असतात.