कावळ्याने केलं, फडक्याने वाढवलं

मे महिन्यातला रविवार. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सकाळी आठलाच भांडण पेटलं. फाटकाजवळ एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्याखाली पाच गाड्या उभ्या असतात. वरून कावळे शिटतात, शिवाय पानांतून काहीतरी चिकट गळतं. "रंगाची वाट लागली! हे झाडच काढून टाका," असं गाडीवाल्यांचं म्हणणं. झाडाच्या बाजूने मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, दोघंच!

मोठी माणसं हातवारे करत होती, तेवढ्यात शेजारचा सातवीतला मुलगा स्वयंपाकघरातलं कोरडं फडकं घेऊन आला आणि बॉनेटवरची वाळलेली शीट खसाखसा पुसू लागला.

"अरे, थांब थांब!"

"का काका? पपा खूश होतील ना!"

"बॉनेट बघ आधी."

शीट निघाली होती, पण तिच्या जागी बारीक ओरखड्यांचं जाळं उन्हात चमकत होतं. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

गाडीचा रंग केवढा जाड असतो, सांगा पाहू? पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग, आणि हल्लीच्या गाड्यांवर सगळ्यांत वर एक पारदर्शक थर. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण तुमच्या दोन केसांएवढी. त्यातला चकचकीत दिसणारा वरचा थर तर एका केसाहूनही पातळ! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना हा वेगळा थर नसे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवेल.

शिटेत वाळूचे कण आणि बियांचे तुकडे असतात. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. पण शीट तशीच ठेवली तरी पंचाईत. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. शिटेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. त्यात मेमधलं ऊन. दुपारी तापलेला वरचा थर मऊ होऊन प्रसरण पावतो, संध्याकाळी आकसतो. आकसताना वर कडक झालेल्या शिटेचा खडबडीत ठसा घेतो. मग कितीही धुवा, तिथे निस्तेज डाग राहतोच.

उपाय अगदी सोपा आहे. चिंब ओलं फडकं शिटेवर पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवायचं. ती मऊ झाली की न घासता अलगद उचलायची, वर भरपूर पाणी ओतायचं आणि स्वतःचे हात साबणाने धुवायचे. शेवटचं विसरू नका!

आणि ते चिकट थेंब? तो पिठ्या ढेकणाचा पराक्रम. कापसासारखा दिसणारा हा किडा झाडाचा रस शोषतो आणि जास्तीचं साखरपाणी बाहेर टाकतो. मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष या किडीने वाळले आहेत. म्हणजे झाड खोड्या करत नव्हतं, आजारी होतं! ताजे थेंब कोमट पाण्याने निघतात. राहिले तर त्यांवर धूळ बसते. भांड्यांची पावडर मात्र मुळीच नको.

कुणी म्हणालं, "त्यापेक्षा कव्हर घालू." घाला, पण धुळकट गाडीवर नको. वाऱ्याने कव्हर हलतं आणि धूळ रंगावर घासत राहते. पावसाळ्यात ओलं कव्हर दिवसचे दिवस ठेवलं तर आत ओल कोंडते.

आजींनी वेगळाच मुद्दा काढला. "झाड गेल्यावर उन्हाचं काय?" बरोबरच होतं त्यांचं. उघड्यावरच्या जुन्या गाड्या पाहा, छत आणि बॉनेट आधी विटतात, दारं मागाहून. शिवाय १९७५ च्या कायद्याप्रमाणे सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही.

हे सगळं चालू असताना आपले सातवीतले साहेब खडू घेऊन जमिनीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांभोवती रेघ मारत होते. रेघ पुरी झाल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं. जवळजवळ सगळी शीट एकाच आडव्या फांदीखाली! कावळ्यांची रात्रीची वस्ती तिथेच. दोन गाड्या सहा-सात फूट सरकवल्या, आणि वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याला किडीबद्दल अर्ज लिहायचं ठरलं. अर्जाचा मसुदा अर्थात माझ्या गळ्यात पडला.

तुमच्या घरच्या गाडीची परीक्षा घ्यायचीय? गाडी धुऊन झाली की बॉनेटवर पेलाभर पाणी ओता. अळवाच्या पानावर उभे राहतात तसे टपोरे थेंब राहिले, तर मेणाचं पॉलिश शाबूत आहे. पाणी पसरट होऊन बसलं, तर पाऊस सुरू व्हायच्या आत बाबांना मेणाची डबी आणायला सांगा.