श्वास मोजणाऱ्या स्त्रिया

नेपाळच्या डोंगराळ मुलखात, जिथे मोटाररस्ता संपल्यावरही गाव दिवसभराच्या चढणीवर उरलेले असते आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तीही वाट खुंटते, तिथे केवळ डॉक्टरांच्या नेमणुकीचे हुकूम काढून आरोग्य पोचत नाही, हे ओळखून तेथील सरकारने १९८८ साली गावच्याच स्त्रियांना शिकवून तयार करण्याची जी तजवीज केली, तिला दूरदृष्टीच म्हटले पाहिजे. आज या स्वयंसेविका ५० हजारांच्या घरात आहेत. वैशाखात आणि कार्तिकात बालकांच्या तोंडात 'अ' जीवनसत्त्वाचे थेंब पिळणारी हीच बाई एरवी खोकणाऱ्या लेकराचे अंगडे वर सारून छातीच्या भात्यावर मिनिटभर नजर रोखते. वर्षाच्या आतल्या, पण दोन महिने उलटलेल्या बाळाचे श्वास ५० किंवा अधिक भरले की न्यूमोनियाची शंका धरावी, हे तिला पक्के ठाऊक असते.

परंतु ज्या सरकारदरबारी साध्या कारकुनाला दरमहा मुशाहिरा मिळतो, तिथे हिची मात्र पोशाखभत्ता व किरकोळ भत्त्यांवर बोळवण व्हावी, हे मला पटत नाही. सेवाभाव हा शब्द मोठा खरा. खजिन्याला तो सोयीचाही आहे. आणि उजळणीचे वर्ग लांबले, औषधांची पेटी रिकामी राहिली, तर गावकरी दप्तराला जाब विचारायला जात नाहीत. ते तिच्याच उंबऱ्याशी येऊन उभे राहतात.